बॉइन नदीच्या काठी

आयर्लंड बेटाच्या पूर्व भागात, डब्लिन या राजधानीच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर ड्रॉहेडा हे जुने बंदर आहे. ते अगदी समुद्रकाठी वसलेले नाही. बॉइन नदी समुद्रास मिळण्यापूर्वी काही किलोमीटर अलीकडे, तिच्या दोन्ही तीरांवर ते पसरले आहे. नदी पायी ओलांडता येईल अशा उथळ जागेस आपण उतार म्हणतो. ‘उताराजवळचा पूल’ असाच या नगराच्या आयरिश नावाचा अर्थ आहे. या नगरातून निघून जो प्रवासी आसपासच्या प्रदेशात हिंडेल, तो दहा किलोमीटरांच्या आतच पाच हजार वर्षे मागे जाऊन पोहोचतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांनी येथे वसाहत केली. प्रारंभी नदीच्या उत्तरेस एक व दक्षिणेस एक अशी दोन स्वतंत्र नगरे होती. दोहोंचा कारभार वेगळा असल्यामुळे त्यांच्यात तंटे होत. अखेर इ. स. १४१२ मध्ये राजाच्या सनदेने ती एक झाली. नगराभोवतीचा तट आता बहुतेक नाहीसा झाला आहे. परंतु तेराव्या शतकातील सेंट लॉरेन्स दरवाजाचे दोन उंच बुरूज आजही रस्त्यावर उभे आहेत.

या दरवाजाने नगराचा सर्वांत दुःखद दिवसही पाहिला आहे. सप्टेंबर १६४९ मध्ये इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याने ड्रॉहेड्यास वेढा दिला. तोफांनी तटास खिंडार पाडून त्याचे सैन्य आत घुसले. मग जी कत्तल झाली, तीत सैनिकांबरोबर नागरिकही बळी पडले. सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यात काही लोकांनी आश्रय घेतला होता. तो मनोराच पेटवून देण्यात आला. ही हकीकत स्वतः क्रॉमवेलनेच आपल्या पत्रात लिहून ठेवली आहे. आयरिश लोक आजही तो दिवस विसरलेले नाहीत.

नगराच्या वायव्येस थोड्या अंतरावर मोनास्टरबॉइस येथे एका प्राचीन मठाचे अवशेष आहेत. तेथे एक उंच, गोल दगडी मनोरा आहे. इ. स. १०९७ मध्ये त्यास आग लागली आणि आतील ग्रंथ जळून गेले. मात्र अंगणातील दगडी क्रूस टिकून राहिले. त्यांतील मुइरेडाखचा क्रूस सुमारे हजार वर्षांपूर्वीचा असून पाच मीटरांहून उंच आहे. त्यावर बायबलातील अनेक कथा कोरल्या आहेत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना या शिल्पांवरून त्या कथा समजावून देता येत. इतक्या गंभीर प्रसंगांच्या पायथ्याशी शिल्पकाराने दोन मांजरेही कोरली आहेत!

आता दक्षिणेस पुन्हा बॉइनकडे वळू. नदीने एक मोठे वळण घेतले आहे, तेथे न्यूग्रेंज नावाचा विस्तीर्ण टेकाड दिसतो. त्याचा व्यास सुमारे ८५ मीटर आहे. तो निसर्गनिर्मित नाही, इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास माणसांनी तो रचला. इजिप्तमधील गिझाचा महापिरॅमिड त्यानंतर काही शतकांनी उभा राहिला. न्यूग्रेंज बांधणारे लोक शेती करीत. पण धातूची हत्यारे त्यांच्यापाशी नव्हती. तरीही त्यांनी प्रचंड शिळा वाहून आणल्या आणि दगडानेच दगडावर सुंदर सर्पिल आकृत्या कोरल्या.

टेकाडाच्या पोटात १९ मीटर लांबीचा अरुंद मार्ग असून त्याच्या शेवटी एक दालन आहे. येथे मृतांच्या अस्थी ठेवीत. दालनाचे छत चुन्यावाचून रचले आहे. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित पुढे सरकवीत नेला असून अगदी वर एका शिळेने तोंड बंद केले आहे. मार्गावरील शिळांवर पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळी कोरल्या आहेत. म्हणून पाच हजार वर्षांच्या पावसानंतरही आतील दालन कोरडे आहे.

पण खरे नवल पुढेच आहे. वर्षातील एका दिवशी उगवत्या सूर्याचे किरण या दालनात शिरतात, असे आसपासचे लोक पूर्वीपासून सांगत. येथे उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. तशीच ती डोळे मिटून खरीही मानली नाही. प्रवेशद्वाराच्या वर एक चौकोनी झरोका त्यांना आढळला होता. मार्गाची जमीन आत चढत जाते, म्हणून दारातून येणारा प्रकाश दालनापर्यंत पोहोचत नाही. झरोका मात्र दालनाच्या जमिनीच्या पातळीत आहे. त्यांनी पडताळा घेण्याचे ठरविले. २१ डिसेंबर १९६७ रोजी, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, ते पहाटेच त्या अंधाऱ्या दालनात जाऊन थांबले. सूर्योदयानंतर काही मिनिटांतच झरोक्यातून एक सोनेरी तिरीप आत आली, जमिनीवरून सरकत दालनात पोहोचली, आणि सारे दालन उजळले. सुमारे सतरा मिनिटांनी पुन्हा अंधार झाला. लोकांचे म्हणणे खरे ठरले होते.

या दिवसानंतर दिनमान वाढू लागते. थंडीने गारठलेल्या त्या शेतकऱ्यांना हा केवढा दिलासा वाटत असेल! मृतांच्या दालनातच त्यांनी या प्रकाशासाठी वाट ठेवली, हेही विचार करण्यासारखे आहे.

१९९३ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला. तो सूर्योदय दालनातून पाहण्यासाठी हजारो लोक अर्ज करतात आणि सोडत काढून मोजक्यांची निवड होते. आकाशात ढग असले, तर त्यांनाही नुसत्या अंधारातच उभे राहावे लागते. तरीही लोक येतात.

ड्रॉहेडा उद्ध्वस्त करणाऱ्याचे नाव इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. न्यूग्रेंज रचणाऱ्या एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही. परंतु त्यांनी निरीक्षणाने व सहकार्याने मांडलेला सूर्याचा हिशेब दरवर्षी खरा ठरतो, आणि तोच त्यांची ओळख सांगतो.