खनिजांची वीट की भुकटी?

हा विषय शहरातल्या श्रोत्यांना गोठ्यातला वाटेल. पण आपल्या चहातले दूध तिथूनच येते. आमचे आयुष्य मजुरीचे हिशेब करण्यात गेले; तेव्हा ह्या प्रश्नाचाही हिशेबच करू.

वाशीम जिल्ह्यात रिसोड-मालेगावकडे जनावरापुढे पडते ते सोयाबीन-तुरीचे कुटार, नाहीतर कडबा. त्याने पोट भरते, पण त्यात स्फुरद थोडे. गाय मात्र लिटरभर दुधामागे सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि जवळजवळ ग्रॅमभर स्फुरद देतच राहते. चाऱ्यातून मिळाले नाही, तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. मग ती माती, चिंध्या, हाडे चघळू लागते. वेळेवर माजावर येत नाही. एक माज हुकला की मालकाला २१ दिवस थांबावे लागते. एकच गाय बाळगणाऱ्या मजुराला हा तोटा सोसत नाही.

ही तूट भरायला बाजारात दोन वस्तू मिळतात: चाटण्याची वीट आणि खनिज मिश्रणाची भुकटी. वीट टांगली की काम संपले, ही तिची मोठी सोय. परंतु गाय वीट चाटते ती मिठाच्या गोडीने; आपल्याला स्फुरद किती हवे हे तिला कळत नाही. दोन किलोची वीट एका गाईला दोन महिने पुरली, तर दिवसाला पडले सुमारे ३३ ग्रॅम. त्यात निम्मे मीठ असेल, तर खनिजे उरली १६-१७ ग्रॅम. शिवाय सामाईक विटेपाशी दांडगी गाय ठाण मांडते आणि गरीब गाय मागे सरते.

भुकटी मोजून देता येते. साधारणपणे वासराला २५ ग्रॅम, भाकड गाईला ५० आणि दुभतीला १०० ग्रॅम किंवा दुधाच्या मानाने अधिक, अशी ती ढेपेत कालवून द्यावी. ज्याचा वाटा त्यालाच पोचतो. मात्र त्यासाठी रोज कोणाचा तरी हात लागतो. बहुधा तो घरच्या बाईचा असतो, हे विसरू नये. पिशवी कोरडी ठेवावी लागते हे वेगळेच.

तेव्हा आमचे म्हणणे असे: दावणीच्या दुभत्या गाईला भुकटीच द्यावी. दिवसभर रानात चरणाऱ्या कळपाला वीट चालेल; काहीच नसण्यापेक्षा ती बरी. दोन्ही घेताना लेबलावर स्फुरद किती ते वाचावे. नुसत्या मिठाच्या विटेला खनिजांची वीट समजून पैसे मोजू नयेत.