शिबिराचा मांडव उठल्यानंतर

वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ नेत्रशिबिर भरविणे ही व्यापारी कुटुंबांत रुजलेली परंपरा आहे. मांडव पडतो, डॉक्टर येतात, मोतीबिंदूचे रुग्ण निवडून रुग्णालयात नेले जातात आणि काही दिवसांनी ते दिसत्या डोळ्यांनी घरी परततात. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि मांडव उठल्यानंतर ज्याला दिसेनासे होते त्याने कोठे जावे, हा प्रश्न शिबिराच्या अहवालात सहसा येत नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला मात्र तो टाळता आला नाही. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, अवघ्या ११ खाटांवर ही संस्था सुरू केली. गावोगावची शिबिरे हा तिचा कणा. असे असूनही १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी जेमतेम ७ टक्के माणसे शिबिरात येत असल्याचे आढळले. उरलेल्यांची कारणे साधी होती : पैसा नाही, घरची जबाबदारी सुटत नाही, शस्त्रक्रियेची भीती वाटते.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांना यातील मर्म लगेच कळेल. तपासणी विनामूल्य असली तरी रुग्णाला ती फुकट पडत नाही. बसभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचीही बुडालेली मजुरी, एवढे सारे खर्चून हाती पडतो तो बहुधा चष्म्याचा नंबर.

यावर उपाय म्हणून २००४ पासून संस्थेने छोटी, कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रे उघडण्यास प्रारंभ केला. थेनी जिल्ह्यातील बोडिनायकनूर हे त्यांपैकी एक ठिकाण. वेलदोड्याच्या लिलावामुळे मसाल्याच्या व्यापाऱ्यांना हे नाव परिचित असेल. सुमारे ५०,००० लोकवस्तीमागे एक केंद्र, अशी ही योजना. केंद्रात डॉक्टर नसतोच. बारावीनंतर दोन वर्षे प्रशिक्षण घेतलेल्या, बहुधा ग्रामीण घरांतल्या मुली तेथे दृष्टी तपासतात, डोळ्यातील दाब मोजतात, स्लिट लॅम्पखाली डोळा पाहून त्याचे छायाचित्र व नोंदी मुख्य रुग्णालयाकडे पाठवितात. तेथील डॉक्टर पडद्यावर रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलतो आणि निर्णय देतो. चष्मा लागला तर तेथेच मिळतो. बहुसंख्य रुग्णांचे काम गावातच उरकते. शस्त्रक्रिया किंवा अधिक तपासणी आवश्यक असेल, त्यालाच पुढे पाठविले जाते.

त्या काळी खेड्यांत पुरेशा वेगाचे इंटरनेट नव्हते. ही उणीव बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी भरून काढली. साध्या वाय-फाय यंत्रणेत फेरफार करून आणि मनोऱ्यांवर दिशादर्शी अँटेना बसवून त्यांनी थेनीचे रुग्णालय कित्येक किलोमीटर दूरच्या केंद्रांशी जोडले. गंमत अशी की, या प्रगत विद्येला खरा त्रास झाला तो गावच्या विजेचा. विजेचा दाब अचानक इतका चढे-उतरे की उपकरणे जळत किंवा बंद पडत. त्यामुळे संशोधकांना वीजपुरवठा सांभाळणारी जोडयंत्रे बनवावी लागली आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना दुरुस्ती शिकवावी लागली. परदेशी अभियंता एक दिवस परत जाणारच, हे ओळखून केलेली ही तरतूद जोडणीइतकीच महत्त्वाची होती.

केंद्राचे अर्थकारणही पाहण्यासारखे आहे. रुग्णाकडून नाममात्र शुल्क घेतले जाते. ते मुद्दामच इतके कमी ठेवलेले असते की, एका फेरीचे बसभाडे वाचले तरी रुग्णाचा फायदा होतो. या शुल्काला चष्म्यांच्या विक्रीची जोड मिळते आणि केंद्राचा दैनंदिन खर्च निघावा, असे उद्दिष्ट राखले जाते. देणगी लागते ती प्रामुख्याने केंद्र उभारण्यासाठी. दरवर्षी नव्याने निधी गोळा करणाऱ्यांना हा फरक पुरेसा बोलका वाटेल.

आणखी एक गोष्ट शिबिराला साधत नाही. काचबिंदूचे थेंब आयुष्यभर घालावे लागतात आणि मधुमेहींच्या दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. (मधुमेह हा केवळ शहरातल्या पेढीवर बसणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही.) वर्षातून एकदा येणाऱ्या मांडवाला ओळखीचा रुग्ण नसतो. केंद्रातील मुलीला मात्र कोणत्या आजोबांचे थेंब संपत आले असतील हे ठाऊक असते.

आज अशी केंद्रे शंभराहून अधिक झाली आहेत. शिबिरेही चालूच आहेत.