नानकटाईचा तांबूस रंग

लहानपणी मे महिन्याच्या सुटीत तूप, मैदा आणि पिठीसाखर डब्यांत भरून आम्ही भावंडं बेकरीत जायचो. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी यायची. आता घरात ओव्हन आहे आणि गेलं वर्षभर रविवारी मीच ती भाजतो. खरी मजा दहाव्या मिनिटाला सुरू होते. गोळे किंचित पसरतात, वर भेगा पडतात, वेलदोड्याचा वास घरभर होतो आणि कडा तांबूस होऊ लागतात.

हा रंग येतो तो साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं उष्णतेनं एकमेकांना चिकटल्यामुळे. फ्रेंच डॉक्टर लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. साधी साखर तीत थेट उतरत नाही, आधी तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे व्हावे लागतात. गुळात ते थोडे आयतेच असतात, त्यामुळे गुळाची नानकटाई लवकर रंग धरते. माझा पहिला घाणा असाच करपला.

याच अभिक्रियेची पहिली पायरी आपल्या रक्तातही चालते, फक्त ३७ अंशांवर आणि फार संथपणे. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. तीच ही एचबीए१सी चाचणी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझा आकडा ६.१ आला, तेव्हा बायकोनं ओव्हनकडे पाहिलं.

मी मात्र वजनकाटा घेऊन बसलो. १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा-बेसन-रवा. त्यात वीस नानकटाया. म्हणजे एकीत पाच ग्रॅम साखर, पाच ग्रॅम तूप आणि सुमारे ९० कॅलरी, जवळजवळ एका पोळीएवढ्या. चहाबरोबर चार सहज जातात! विकतच्या पुड्यातून खाताना हे डोळ्यांपुढे येत नाही. स्वतः तूप फेसलं की येतं.

ओपीडीत रोज कुणीतरी सांगतं, ‘डॉक्टर, बिस्किटं नाचणीची आहेत, गुळातली.’ नाचणीत तंतू आणि कॅल्शियम आहे, हे खरं. पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. तुपाऐवजी वनस्पती तूप हा त्याहून वाईट बदल. पूर्वी त्यात ट्रान्स फॅट भरपूर असे. २०२२ पासून आपल्याकडे ती मर्यादा दोन टक्क्यांवर आली, तरी संपृक्त चरबी उरतेच.

म्हणून मी प्रयोग करतो. साखर १०० वरून ७० ग्रॅमवर आणली. रंग फिका आला, भेगा कमी पडल्या, चव बिघडली नाही. साठवर मात्र खुसखुशीतपणा गेला. नुसत्या नाचणीची नानकटाई उचलताच भुगा झाली, कारण तिच्यात ग्लूटेन नाही. निम्मी कणीक घातल्यावर जमली. आता ओव्हन १६० अंशांवर ठेवतो आणि कडा सोनेरी होताच ताटली बाहेर काढतो. करपलेल्या कडांत अ‍ॅक्रिलामाइड वाढतं, आणि त्या कडूही लागतात.

घाणा झाला की दोन माझ्या बशीत, बाकीच्या शेजारच्या मुलांना. पुढच्या रविवारी ज्वारीचं पीठ घालून पाहणार आहे. तीन महिन्यांची चाचणी त्यानंतरच्या सोमवारी आहे.