समुद्री शेवाळाचे तेल : टक्का नको, माल पाहा

समुद्राच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळापासून तेल काढण्याच्या योजना अनेक वर्षे भांडवल शोधत फिरत आहेत. जमीन नापीक चालते, पाणी खारे चालते आणि सुक्या वजनाच्या निम्मे तेल निघते, असे सांगितले जाते. निम्मे तेल ही गोष्ट खोटी नाही. पण ती कोणत्या हालतीत खरी आहे, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या व्यापारी बांधवांनी गाठीचा पैसा त्यात घालू नये.

हे शेवाळ म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एकेक पेशी. तिला ऊन, कार्बन वायू आणि पिकाप्रमाणेच नत्र व स्फुरद लागते. खुराक पोटभर मिळाला की एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत जातात. तेल मात्र बेताचेच साठवतात. नत्र तोडले की प्रथिने बनत नाहीत आणि वाढ थांबते. ऊन तर पडतच असते. त्या उन्हाची कमाई मग पेशी चरबीच्या रूपाने साठवू लागते. दुष्काळाची बेगमीच म्हणा. हिरवे पाणी पिवळट होते आणि तेलाचा टक्का चढतो. डायाटम जातीला कवचासाठी सिलिका लागते. ती तोडली तरी असाच परिणाम दिसतो.

आता हिशेब. समजुतीसाठी आकडे घेऊ. चौरस मीटरमागे रोज 20 ग्रॅम सुका माल आणि तेल 20 टक्के, म्हणजे 4 ग्रॅम तेल. उपाशी ठेवल्यावर तेल 40 टक्के, पण माल 8 ग्रॅमच. तेल झाले 3.2 ग्रॅम. मीटरमागे नफा दुप्पट केला आणि खप निम्म्याच्याही खाली गेला, तर गल्ल्यात काय पडले?

अमेरिकन सरकारने 1978 ते 1996 या काळात याच कामावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले. तीन हजारांवर जाती गोळा केल्या, न्यू मेक्सिकोत रॉसवेल येथे मोठे हौद बांधून पाहिले. 1998 च्या अहवालात निष्कर्ष हाच : उपासमारीने टक्का वाढतो, एकूण तेल वाढत नाही. पुढे 2009 मध्ये एक्सॉन कंपनी या धंद्यात उतरली. तिच्या भागीदार शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये एका समुद्री जातीत जनुकीय बदल करून, वाढ फारशी न घटवता, तेल 20 वरून 40 टक्क्यांच्या पुढे नेल्याचे जाहीर केले. तरी 2023 मध्ये एक्सॉनने हात आखडता घेतल्याची बातमी आलीच.

मिठाचीही तीच गत. रंगाईवाल्यांना मीठ नवे नाही. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायला ते लागतेच आणि प्रमाण चुकले की शेड बिघडते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते वाढवले की काही जातींत तेलाचा टक्का चढतो, पण फार वाढवले की बहुतेक जातींची वाढ खुंटते. शिवाय उघड्या हौदातले पाणी रोज उडते, मीठ मागे राहते. खारेपणा आवरायला गोडे पाणी ओतावे लागते. खाऱ्या पाण्यावर फुकट चालणारा धंदा म्हणणारे हा खर्च सांगत नाहीत. आपल्या कोकणपट्टीत तर पावसाळ्यात उलट अडचण. मिठागरे त्या दिवसांत बंद असतात ती उगाच नाही. म्हणून योजना घेऊन येणाऱ्याला टक्का विचारू नये. वर्षभराचे, पावसाळा धरून, चौरस मीटरमागे तेल किती आणि गोडे पाणी कुठून आणणार, हे विचारावे.

काहींनी मात्र याच त्रासातून रोजी काढली आहे. ड्युनालिएला नावाचे शेवाळ समुद्राच्या कितीतरी पट खाऱ्या पाण्यात जगते. तिथे दुसरे फारसे काही जगत नसल्याने उघडा हौदही स्वच्छ राहतो. मीठ जास्त, नत्र कमी आणि ऊन कडक असले की ते बीटा कॅरोटीन साठवते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट लगून या गुलाबी सरोवरावर त्याची मोठी शेती चालते. हा माल किलोवर, औषध-खाद्याच्या भावाने विकला जातो. डिझेलच्या भावाशी त्याला झुंजावे लागत नाही.

मुलांच्या डबाबंद दुधात घालतात ते ओमेगा-3 तेलही समुद्री सूक्ष्मजीवांचेच. ते बहुतेक बंद टाक्यांत, उन्हाशिवाय, साखरेवर वाढवतात आणि तेल भरण्यासाठी शेवटी नत्र तोडतात. कॅप्सूल विकणाऱ्यांनी तेलापेक्षा वरच्या जिलेटीनची चौकशी आधी करावी, कारण हलाल-हरामचा प्रश्न तिथे येतो.