ऑटो शॉटगनचा दणका कमी का?

माकुणसारच्या खाडीवर बगळे बघताना एका काकांनी विचारलं, "दुनळीपेक्षा ऑटोचा दणका कमी, खरं का?" (शिकारीचं नाव काढू नका, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. गप्पा क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याच्या!)

गॅसवाल्या ऑटोत खरं. बार उडाला की नळीतला थोडा गॅस पिस्टन ढकलतो. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. धक्का जास्त वेळात पसरतो, म्हणून खांद्याला सौम्य लागतो.

पण भरवसा? पिस्टनवर काजळी साचते. ऑलिम्पिक क्लेचं 24 ग्रॅमचं हलकं काडतूस काही बंदुकांत बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा भाग) पुरता मागे नेत नाही. इनर्शियावाल्या ऑटो (गॅसवर नाही, बंदुकीच्या धक्क्यावरच चालणाऱ्या) स्वच्छ राहतात, पण दणका देतात, आणि सैल धरल्या तर अडकू शकतात. त्यात आपली खारी हवा! मी आपला दुनळीवाला.