खिडकीतून दिसणाऱ्या खुणा

खुणा कोणासाठी

जहाज, आगगाडी आणि विमान यांच्या अंगावर व मार्गावर रंग, अक्षरे, आकडे आणि दिवे यांच्या असंख्य खुणा असतात. प्रवाशाला त्या सहज दिसतात. पण प्रवाशासाठी म्हणून असलेल्या त्यांत थोड्याच. बाकीच्या दुसऱ्या वाहनाच्या चालकासाठी किंवा धक्क्यावर, स्थानकात, विमानतळावर काम करणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. त्यांचा अर्थ लावायला दोन प्रश्न पुरतात: हे वाहन वळू शकते का, आणि ते थांबू शकते का? जहाज वळते, पण लवकर थांबत नाही. विमान वळते, पण हवेत थांबणे त्याला शक्यच नाही. आगगाडी थांबते, मात्र वळून वाट सोडू शकत नाही. तिघांच्या खुणांत जो फरक आहे, तो मुख्यतः यातूनच आला आहे.

लाल आणि हिरवा दिवा

रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. प्रत्येक दिव्याचा उजेड ठरावीक कोनातच पडतो. बाजूचे दिवे ११२.५ अंशांत, मागचा १३५ अंशांत. त्यामुळे अंधारात जहाजाचा आकार दिसला नाही, तरी ते कोणत्या दिशेने तोंड करून आहे हे कळते. लाल व हिरवा दोन्ही दिसले तर जहाज समोरून येत आहे. एकटा पांढरा दिसला तर ते पाठमोरे आहे.

या मांडणीचे खरे कौशल्य आडव्या वाटेच्या नियमात दिसते. यंत्रावर चालणारी दोन जहाजे एकमेकांची वाट छेदणार असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज असेल त्याने बाजूला व्हायचे. उजवीकडून येणाऱ्या जहाजाची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणजे त्याचा लाल दिवा दिसतो. दुसऱ्या जहाजाला त्याच वेळी हिरवा दिसतो. कोणी वाट द्यायची आणि कोणी आपला मार्ग धरून राहायचे, हे एक शब्दही न बोलता ठरते. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचे. सध्या लागू असलेले याविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. १९७७ पासून ते अमलात आले.

विमानाने हे सारे जसेच्या तसे उचलले. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाला हिरवा, शेपटीकडे पांढरा. उजवीकडच्या विमानाला वाट देण्याचा आणि समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळण्याचा नियमही तोच. साम्य आणखी खोल जाते: समुद्रात यंत्राच्या जहाजाने शिडाच्या व मासेमारी करत असलेल्या नौकेला वाट द्यावी लागते, हवेत इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला आणि फुग्याला. ज्याला हालचालीची मोकळीक कमी, त्याचा अधिकार मोठा. या अधिकारालाही मर्यादा आहे. अरुंद बंदरमार्गात छोट्या बोटीने मोठ्या जहाजाला अडवू नये असाच नियम आहे, कारण तिथे मोकळीक कमी असते ती मोठ्याची.

समुद्राचा वारसा

दिवे सोडून इतरही बरेच काही समुद्रातून आकाशात गेले. विमानाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढे अंतर. नकाशावर अक्षांश मोजून मार्ग आखणाऱ्याला हे एकक सोयीचे, म्हणून ते टिकले. प्रवासी विमानात डावीकडून चढतात, ही रीतही जहाजांकडे बोट दाखवते. जुन्या जहाजांचे सुकाणू उजव्या कडेला असे. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. विमानाला असे सुकाणू नाही, तरी सामान आणि खाद्यपदार्थ उजवीकडून व माणसे डावीकडून ही विभागणी उपयोगी ठरली आणि कायम राहिली.

शेवटच्या डब्यावरची फुली

आगगाडीला वळून धडक टाळता येत नाही. भरधाव एक्स्प्रेस थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागते, म्हणजे चालकाला समोरची गाडी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून रेल्वेने वेगळा मार्ग काढला: लोहमार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. हे तत्त्व सोपे आहे. अडचण इतकीच, की गाडी तुकड्यातून पूर्ण बाहेर पडली हे कसे ओळखायचे? मध्येच जोड तुटून चार डबे मागे राहिले असतील तर?

त्याचे उत्तर शेवटच्या डब्याच्या पाठीवर असते. पिवळ्या रंगाची मोठी फुली, ‘एलव्ही’ अशी टांगलेली पाटी आणि रात्री लुकलुकणारा लाल दिवा, या खुणांचा अर्थ ‘गाडी इथे संपली’ असा आहे. फलाटावर हिरवा झेंडा घेऊन उभा असलेला कर्मचारी प्रवाशांना निरोप देत नसतो. तो सबंध गाडी नजरेखालून घालतो आणि शेवटची खूण दिसली की नाही ते पाहतो. ती दिसल्याशिवाय मागच्या स्थानकाला मार्ग मोकळा असल्याचे कळवायचे नाही, असा दंडक आहे. शेवटच्या डब्यातून झेंडा दाखवून उत्तर देणारा गार्ड २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. काम तेच राहिले.

गर्दीच्या मार्गांवर ही जबाबदारी आता रुळांतून वाहणाऱ्या विजेवर किंवा चाके मोजणाऱ्या यंत्रावर सोपवलेली आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गावर एकामागे एक लोकल धावू शकतात, त्या अशा स्वयंचलित सिग्नलांमुळे. तिथे हिरव्या आणि लाल रंगांच्या मध्ये एक पिवळा व दोन पिवळे अशा आणखी दोन पायऱ्या असतात. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल एक पिवळा दाखवत असण्याची शक्यता, एक पिवळा म्हणजे त्यापुढचा लाल असू शकतो. थांबायला लागणारे अंतर अशा प्रकारे आधीच वाटून दिलेले असते.

घाटातली इंजिने

कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी या दोन्ही घाटांत चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे घर्षण न होता फिरते, हाच रेल्वेचा किफायतशीरपणा आणि चढावर हीच तिची दुर्बलता. म्हणून गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने जोडतात. कर्जतला वडा घ्यायला वेळ मिळतो तो या जोडणीच्या कृपेने. इंजिने पुढे न जोडता मागे जोडण्याचे कारण म्हणजे डब्यांमधले जोड. सारा भार पुढून ओढला तर पहिल्या जोडांवर असह्य ताण येतो. मागून रेटल्याने तो वाटला जातो. उतरताना हीच इंजिने ब्रेकला मदत करतात.

घाट उतरताना गाडी आडबाजूला काही ठिकाणी थांबते. तिथे स्थानकासारखे काही नसते. असतो तो मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा, पुढे काहीच नसलेला रूळ. सांधे एरवी याच रुळाकडे लावून ठेवलेले असतात. गाडी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक ठीक आहेत हे सिद्ध झाले, की मगच सांधे मुख्य मार्गाकडे फिरवतात. न थांबलेली गाडी चढावर जाऊन वेग गमावते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून सोलापूर व शिर्डीसाठी सुरू झालेल्या वंदे भारत गाड्या बँकरशिवाय घाट चढतात. त्यांची शक्ती एका इंजिनात साठवलेली नसून निम्म्या आसांवर विभागलेली आहे. मुंबईची लोकलही अशीच बनवलेली असते.

जहाजावरचे वर्तुळ

मालवाहू जहाजाच्या कुशीवर मध्यभागी एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ दिसते. बाजूला शिडीच्या पायऱ्यांसारख्या आखूड रेषा असतात. जहाज कुठवर बुडू द्यायचे याची ही कायदेशीर मर्यादा. ब्रिटिश संसद सदस्य सॅम्युएल प्लिमसोल यांनी जुनाट, अतिभारित जहाजांविरुद्ध चळवळ केली. तिच्या रेट्यातून १८७६ मध्ये इंग्लंडात अशी खूण सक्तीची झाली. वर्तुळाजवळची दोन अक्षरे जहाजाची तपासणी करणाऱ्या संस्थेची असतात. ‘आयआर’ असेल तर मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग.

एकच रेघ पुरत नाही, कारण पाणी सर्वत्र सारखे नाही. गोड्या पाण्याची घनता कमी, म्हणून नदीत जहाज अधिक बुडते आणि समुद्रात आल्यावर थोडे वर येते. गोड्या पाण्याची रेघ त्यामुळे वरच्या बाजूला असते. हवामानाप्रमाणेही रेषा बदलतात. अरबी समुद्रात मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत उष्णकटिबंधाची वरची रेघ सोडून तिच्याखालची ‘उन्हाळी’ रेघ लागू होते. ऐन पावसाळ्यात उन्हाळी मर्यादा, ही नावाची गंमत.

भार किती यासोबत तो कुठे आहे, हेही महत्त्वाचे. लहान बोटीत सगळे एका कडेला जमले तर ती कलंडू शकते. लहान विमानात प्रवाशांना आसने बदलायला सांगतात तेही तोल सांभाळण्यासाठी. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गेटवे ते मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते, याबद्दल तक्रारीला म्हणूनच फारशी जागा नाही.

विमानाची खिडकी आणि धावपट्टी

विमानाच्या खिडकीत तळाशी एक बारीक छिद्र असते. खिडकीला सहसा तीन तावदाने असतात. छिद्र मधल्या तावदानाला असते. आतल्या हवेचा दाब त्यातून बाहेरच्या तावदानापर्यंत पोहोचतो आणि भार तेच पेलते. मधले राखीव राहते. शिवाय काचेवर बाष्प जमत नाही. आतला दाबही जमिनीवरच्याइतका नसतो. तो साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवतात, म्हणजे प्रवासी बहुधा कळसूबाईच्या शिखरावरच्यापेक्षा विरळ हवेत बसलेला असतो.

धावपट्टीच्या टोकावरचा आकडा म्हणजे होकायंत्रावरील दिशेचे अंश, शेवटचे शून्य गाळून. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे एक टोक ०९, दुसरे २७. दोन टोकांत नेहमी १८ चा फरक. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरते, कारण त्यामुळे जमिनीच्या संदर्भात वेग कमी राहतो. मुंबईत बहुतेक काळ वारा पश्चिमेचा, म्हणून विमाने घाटकोपरवरून येऊन २७ वर उतरतात. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असल्याने जगात काही ठिकाणी हे आकडे पुन्हा रंगवावे लागले आहेत.

यंत्रांच्या काळात

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेची मर्यादा उघड आहे: धुके, पाऊस आणि दुर्लक्ष. म्हणून जहाजे एआयएस यंत्रणेतून आपले स्थान प्रसारित करतात, विमानांत जवळ आलेल्या विमानाची सूचना देणारी यंत्रणा असते आणि भारतीय रेल्वेवर ‘कवच’ गरज पडल्यास स्वतःच ब्रेक लावते. मात्र बऱ्याच छोट्या नौकांवर एआयएस नसते, आणि ‘कवच’ अजून सर्व मार्गांवर पोहोचलेले नाही. एआयएस बसवलेल्या जहाजालाही सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लाल आणि हिरवा दिवा लावावाच लागतो.