रेडिओलहरी साठवताना

मालवणच्या धक्क्यावर सायंकाळी उभे राहिले, की सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे क्षितिजाशी एखादे मालवाहू जहाज सरकताना दिसते. त्याचे नाव डोळ्यांना वाचता येत नाही. पण जहाज ते स्वतःच सांगत असते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, 300 किंवा अधिक टनभाराच्या जहाजांवर 2004 च्या अखेरपर्यंत ‘स्वयंचलित ओळख यंत्रणा’ बसवणे सक्तीचे झाले. चालते जहाज आपला क्रमांक, स्थान व वेग दर काही सेकंदांनी, आणि नाव दर सहा मिनिटांनी, 161.975 व 162.025 मेगाहर्ट्झवर प्रक्षेपित करते.

हे संदेश पकडणारे साधन स्वस्त आहे. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेल्या एका छोट्या जोडणीतली चिप अँटेनाकडून येणारी लहर सरळ आकड्यांच्या रूपात देऊ शकते, हे 2012 च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानी आले. पुढचे सारे काम आज्ञावली करते. म्हणून यास ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ म्हणतात.

आमच्या विद्यार्थ्यांनी ही जोडणी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकास लावली. तो चार-पाच वॅटवर भागवतो; पावसाळ्यात वीज गेली तरी बॅटरीवर चालतो. दर सेकंदास 24 लाख नमुने घ्यायचे ठरले. प्रत्येक नमुन्यात दोन आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे सेकंदास 48 लाख बाइट आणि तासाला 17.28 गिगाबाइट! प्रत्यक्षात तासाभराची फाइल भरली 15.12 गिगाबाइट. उरलेले 2.16 गिगाबाइट गेले कुठे?

पन्हळीखालची घागर टाकीत रिकामी करायला आपण वळलो, म्हणून पाऊस थांबत नाही. मेमरी कार्डही लिहिता लिहिता जुन्या जागा पुसण्यासाठी क्षणभर अडते. तेवढ्यात संगणकातली तात्पुरती साठवण भरून वाहते आणि नमुने गळतात. असे साडेसात मिनिटांचे नमुने तुकड्यातुकड्यांनी गेले होते. वाईट हे, की त्यांच्या जागी फाइलमध्ये खळगा राहत नाही. पुढचा नमुना मागच्यास चिकटून बसतो आणि सारे अखंड भासते. 256 बिटांचा एक संदेश सेकंदास 9,600 बिट या वेगाने 26.7 मिलिसेकंदांत संपतो. मधला लहानसा तुकडा गळाला तरी तो संदेश बाद! फाइलचा आकार गुणाकाराने ताडून पाहिला नसता, तर त्या तासात जहाजेच कमी होती असा निष्कर्ष आम्ही खुशाल काढला असता.

उपाय महागडे कार्ड नव्हे. दोन्ही वाहिन्या मिळून जेमतेम 75 किलोहर्ट्झ रुंद आहेत. नमुन्यात दोन आकडे असल्याने सेकंदास अडीच लाख नमुन्यांत 250 किलोहर्ट्झचा पट्टा मावतो. मध्य 162.000 वर ठेवावा. या चिपचा स्वतःचा खोटा संकेत नेमका मध्यावर उमटतो, तो दोन वाहिन्यांच्या मधोमध पडतो व त्रास देत नाही. आता तासाला 1.8 गिगाबाइटच लागतात. जागच्या जागी उकल करून संदेशच ठेवले, तर स्थान सांगणारा संदेश अवघ्या 21 बाइटांचा! तरीही मी मुलांना काही तासांचे कच्चे नमुने ठेवायला सांगतो. उकलीत चूक निघाली तर पुन्हा पाहता येते.

आता एक गणित तुमच्यासाठी. ‘फॅट-32’ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एक फाइल 4,29,49,67,295 बाइटांपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सेकंदास 24 लाख नमुन्यांच्या वेगाने रात्री नऊला सुरू केलेली नोंद किती वाजता बंद पडेल?